जावा फ्रेमवर्कांची जुळणी
सर्व्हलेट, म्हणजे ब्राउझरची विनंती स्वीकारून सर्व्हरवर उत्तर तयार करणारा जावाचा वर्ग, १९९७ मध्ये आला तेव्हा पानाचे एचटीएमएल प्रोग्रॅमच्या ओळींतच लिहावे लागे. १९९९ मधील जेएसपीने उलट पानातच जावा लिहिण्याची सोय केली आणि गुंता सुटण्याऐवजी त्याची केवळ जागा बदलली. क्रेग मॅक्क्लानहन यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या स्ट्रट्स या फ्रेमवर्कने माहिती, दर्शनी पान आणि नियंत्रक वेगळे केले, मात्र कोणती विनंती कोणत्या वर्गाकडे जावी हे एका एक्सएमएल फाइलमध्ये नोंदवावे लागे, आणि मोठ्या प्रकल्पात ती फाइल हाताबाहेर जाई.

रॉड जॉन्सन यांच्या २००२ मधील पुस्तकातल्या कोडमधून वाढलेल्या स्प्रिंगची १.० आवृत्ती २००४ मध्ये निघाली. एखाद्या ऑब्जेक्टला लागणारे इतर ऑब्जेक्ट त्याने स्वतः न घडवता बाहेरून पुरवले जावेत, हे तिचे मूळ तत्त्व असल्याने ती इतर फ्रेमवर्कांना हुसकावून न लावता त्यांच्या शेजारी नांदू शकली. स्ट्रट्सच्या फाइलमध्ये मूळ वर्गाऐवजी स्प्रिंगच्या ‘डेलिगेटिंग अ‍ॅक्शन प्रॉक्सी’ या मध्यस्थ वर्गाचे नाव लिहिले की विनंती स्प्रिंगने सांभाळलेल्या ऑब्जेक्टकडे पोचे, तर डेटाबेसचा व्यवहार हायबरनेट या तिसऱ्या फ्रेमवर्ककडे असे. हे त्रिकूट दीर्घकाळ रूढ राहिले.

स्प्रिंग १.० प्रमाणेच २००४ मध्ये आलेल्या जेएसएफ या फ्रेमवर्कने पानावरील घटकांची रचना सर्व्हरवर उभारण्याचा मार्ग धरला, जो फॉर्म भरण्याच्या कार्यालयीन कामाला सोयीचा, पण गर्दीच्या संकेतस्थळांना जड होता. पुढे ब्राउझरमधील जावास्क्रिप्ट सबळ झाल्यावर इंटरफेसचे काम तिकडे सरकले आणि २०१४ मध्ये स्प्रिंग बूट आले तोवर बऱ्याच प्रकल्पांत सर्व्हरवरील जावाकडे जेसन स्वरूपात माहिती पुरवण्याचेच काम उरले होते.