कर्करोग आणि आपला शेजारधर्म

आपल्याकडे पूर्वी ह्या दुखण्याचे नावही कोणी घेत नसे. 'तो रोग' एवढेच म्हणावयाचे, तेही हळू आवाजात. कर्क म्हणजे खेकडा, आपली चिंबोरी. धरले की सोडत नाही, असा लोकांचा समज. म्हणून रोगी दिसला की माणसे चार पावले लांबून जात.

ह्या रोगासाठी मुंबईस परळला टाटांचे इस्पितळ उघडले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने विलायतेत वारल्या. तसे उपचार आपल्या देशातही मिळावेत, ही दोराबजींची इच्छा. पुढच्याच वर्षी तेही गेले, आणि काम विश्वस्तांनी तडीस नेले. आरंभी खाटा ८० होत्या.

औषधाची सोय झाली. पण परगावच्या माणसाने राहावे कोठे, बोलावे कोणाशी? शेक घेण्यास आठवडेच्या आठवडे जावे लागते. कित्येकांनी इस्पितळाबाहेर पदपथावरच चूल मांडली, अजूनही मांडतात. एवढ्या श्रीमंत शहराला हे शोभत नाही, असे मला वाटते. तरी करणारेही निघालेच. १९६८ साली स्थापन झालेल्या नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन परळलाच आहे. दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे. स्वतः ह्या रोगातून बऱ्या झालेल्या वंदना गुप्ता यांनी १९९४ साली व्ही केअर ही संस्था काढली. तिथल्या बाया रुग्णाजवळ बसून बोलतात. हे काम लहान समजू नये.

मुंबईत परक्यांनी एवढे केले. इकडे घरी मात्र बाईची कपबशी वेगळी होते आणि हळदीकुंकवाचे बोलावणे बंद होते. केस गेलेले, म्हणून तीही पदर ओढून आतच बसते. वास्तविक हा रोग शिवल्याने, उष्ट्याने किंवा अंथरुणाने लागत नाही. बाहेरून यंत्राने दिलेला शेकही अंगात राहत नाही. डॉक्टर गर्दीत जाऊ नका म्हणतात, ते केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात म्हणून. आपला सर्दीखोकला तिला बाधू नये म्हणून. भ्यावयाचे तिने आपल्याला, आणि भितो आपण तिला! ज्या महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, त्याच तालुक्यात आजारी बाईचा पेला निराळा ठेवावा, ह्याला काय म्हणावे?

आपल्या वीरला १९९३ साली कोकण रेल्वे आली, तेव्हापासून मुंबई पुष्कळ जवळ झाली. उपचारासाठी जाणाऱ्या कर्करुग्णास रेल्वे भाड्यात सवलत देते. इस्पितळाचा दाखला मात्र लागतो. ही सवलत सोबतच्या एका माणसालाही आहे. घरचा पुरुष नोकरीवर आणि मुले शाळेत असली, तर त्या जागी शेजारीण गेली तरी चालते.