कार्बन पदचिन्ह, संस्थात्मक
संस्थेच्या कामकाजातून ठराविक काळात, बहुधा एका वर्षात, होणाऱ्या हरितगृह वायूंच्या उत्सर्जनाचे कार्बन डायऑक्साइड-सममूल्य टनांतील माप (पहा : हरितगृह परिणाम). मोजणीची रूढ चौकट २००१ च्या ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ने घालून दिली. तीत तीन व्याप्ती आहेत : संस्थेचे बॉयलर, जनित्रे, वाहने; विकत घेतलेली वीज; आणि कच्चा माल, वाहतूक यांसारखी उर्वरित साखळी. जनित्रातील एक लिटर डिझेल जळून सुमारे २.७ किग्रॅ. कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो; पावत्यांवरील लिटरांना या गुणांकाने गुणले की हिशेब झाला. तिसऱ्या व्याप्तीचे आकडे पुरवठादारांकडे असल्याने पुष्कळदा अंदाजावर भागवावे लागते. घट ऊर्जाबचत, सौरवीज व इंधनबदल यांनी साधते. कार्बन पतखरेदी ही भरपाई होय, घट नव्हे (पहा : कार्बन व्यापार). भारतात भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून अशा उत्सर्जनाचीही नोंद मागणारा शाश्वतता अहवाल सक्तीचा केला.