अमन लॉजच्या अलीकडचे अठरा किलोमीटर

डहाणूच्या मसोलीतून पहाटे निघालात तर डहाणू रोडला पहिल्या गाड्यांपैकी एखादी लोकल मिळते. दादरला उतरा, पूल चढून मध्य रेल्वेच्या बाजूला या, कर्जतची गाडी धरा. नेरळला उतरलात की मोठ्या रुळांच्या शेजारी छोटे रूळ दिसतील. दोन रुळांमध्ये अंतर फक्त दोन फूट, एका ढांगेत मावेल एवढं. त्यांच्या मधोमध उभे राहा आणि डोंगराकडे बघा.

रूळ नाहीसे होतात. स्टेशनही नाही. मे १८५०. डोंगराच्या पलीकडच्या अंगानं, चौकच्या बाजूनं, ठाण्याचा कलेक्टर ह्यू पॉइंट्झ मॅलेट झाडीतून वाट काढत वर चढतो आहे. तो तुमचाही कलेक्टर आहे, कारण डहाणू त्याच्याच जिल्ह्यात येतं. पालघर जिल्हा व्हायला अजून १६४ वर्षं आहेत. इंग्रजांच्या नोंदींत माथेरानचा 'शोध' याच्या नावावर आहे. तुम्हाला मात्र आजूबाजूच्या पाड्यांतून धूर निघताना दिसतो. ठाकर आणि कातकरी या डोंगराच्या वाटा कलेक्टर येण्याच्या कितीतरी आधीपासून तुडवत आले आहेत.

सहा वर्षांनी नेरळवरून आगगाडी धावू लागते. आणखी आठ वर्षांनी, १८६४ मध्ये, दुसऱ्या कंपनीची गाडी तुमच्या डहाणूवरून सुरतेकडे जाऊ लागते. माथेरानला जायचं मात्र अजूनही घोड्यावरून, पालखीतून, नाहीतर पायी.

१९०४ ला थांबा. इथे घाई करू नका.

कुदळी चालू आहेत. पैसा सर आदमजी पीरभॉय यांचा. मुंबईच्या रस्त्यावर काडेपेट्या विकण्यापासून सुरुवात करून तंबू आणि कातड्याच्या धंद्यात मोठा झालेला हा बोहरी गृहस्थ. काम बघतो त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन. सल्लागार आहे एव्हरार्ड कॅलथ्रॉप, बार्शीची छोटी रेल्वे उभी करणारा. एकूण खर्च सोळा लाख रुपये, सगळा एका घराण्याच्या तिजोरीतून. कदाचित म्हणूनच हा मार्ग असा वळणावळणाचा आहे. सरकारी खजिना असता तर कदाचित डोंगर पोखरून बोगदे काढले असते, दऱ्यांवर पूल टाकले असते. इथे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ धरून रूळ डोंगराच्या कुशीकुशीतून नेले आहेत. माउंट बेरीपाशी गाडी उलटी फिरवावी लागू नये म्हणून घोड्याच्या नालासारखा भराव घातला आहे. संपूर्ण मार्गावर बोगदा एकच, आणि तोही एवढासा की त्याला नाव पडलं 'वन किस'.

डोंगराला असं चिकटून जायचं म्हटलं की प्रत्येक ओहोळ ओलांडावा लागतो. प्रत्येक ओहोळाखाली मोरी, प्रत्येक मोरीच्या वर एक उतार आणि उतारावर सुटे दगड. पुढच्या शंभर वर्षांत जे जे होणार आहे त्याचं कारण तुम्ही आत्ता, कुदळींच्या आवाजात, डोळ्यांनी बघता आहात.

मार्च १९०७. आता बसा गाडीत. पुढे ओरेनस्टाइन अँड कोपेल या जर्मन कारखान्याचं वाफेचं इंजिन आहे. चाकं सहा, पण अशा वळणांवर ताठ आसाचं इंजिन रुळांवरून उतरेल, म्हणून पुढचे-मागचे आस किंचित वळतील अशी रचना केली आहे. प्रत्येक डब्याला हाताचा ब्रेक आणि तो फिरवायला माणूस. इंजिनाची शिट्टी वाजली की डब्याडब्यावरचे ब्रेकवाले चाक आवळतात, पुन्हा वाजली की सैल करतात. जुम्मापट्टी मागे पडतं. वॉटर पाइप येतं. पॅनोरमा पॉइंटखालून जाताना खिडकीतून दरी थेट पायाखाली दिसते. मग अमन लॉज, तांबडी माती, दाट सावली आणि माथेरान. एकवीस किलोमीटर, एकच सलग ओळ. ही सलगता नीट लक्षात ठेवा.

मधली नव्वदेक वर्षं खिडकीबाहेर पळू द्या. वाफ जाते, डिझेल येतं. दर पावसाळ्यात गाडी बंद, पाऊस ओसरला की सुरू. २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर होतं. डहाणू तालुक्याला हे नवं नाही. तुमच्याकडे तशी अधिसूचना १९९१ मध्येच निघाली आहे. जपायचं म्हणून ठरलेल्या जागेत राहणं म्हणजे काय, हे मसोलीच्या माणसाला वेगळं सांगायला नको. माथेरानात मोटारींना आधीपासूनच मनाई आहे. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात, या काळात पुढे घोडा, हातरिक्षा, पाय किंवा ही गाडी.

२६ जुलै २००५. मुंबई बुडाली तो दिवस. इथे दरडी कोसळतात, रुळांखालचा भराव वाहून जातो. मार्च २००७ मध्ये, शताब्दीच्या तोंडावर, गाडी परत येते. २०१६ च्या मे महिन्यात काही दिवसांच्या अंतरानं डबे घसरतात आणि पुन्हा सगळं बंद. २०१७ च्या ऑक्टोबरअखेर फक्त वरचा तुकडा सुरू होतो, अमन लॉज ते माथेरान. खालचा २०१८ च्या जानेवारीत.

आणि मग ऑगस्ट २०१९ चा पाऊस.

वॉटर पाइपच्या खाली रुळांवरून चालू लागा. काही ठिकाणी रूळ हवेत लोंबकळताहेत, खाली जमीनच नाही. स्लीपर अजून रुळांना धरून आहेत, पण खडी दरीत. पुढे मोरीच्या तोंडाशी माणसाएवढा दगड अडकला आहे आणि पाण्यानं शेजारून नवी वाट काढली आहे. असं एका जागी नाही, ठिकठिकाणी.

आता चढत वर या, जानेवारी २०२० पर्यंत. अमन लॉजला थांबा, कारण मला तुम्हाला जे दाखवायचं आहे ते इथे आहे.

नेरळहून टॅक्सीनं आलेली कुटुंबं दस्तुरीहून चालत फलाटावर येताहेत. डोक्यावर ओझं घेतलेल्या बाया, हमाल, घोडेवाले. शटल उभी आहे. २०१९ संपता संपता ती पुन्हा सुरू झाली. इथून माथेरान जेमतेम तीन किलोमीटर, म्हणजे पूर्ण मार्गाचा सातवा हिस्सा. या तुकड्याला खाली जायला रुळांची वाट नाही. इंजिनांची शेड नेरळला आहे आणि शेड व इंजिन यांच्यामध्ये अठरा किलोमीटर तुटलेला घाट. तरी गाडी धावते. प्रवासी नेते, पार्सलं नेते. मोटार येत नाही अशा गावात भाजीपासून बांधकामाच्या सामानापर्यंत सगळं माणसाच्या डोक्यावरून किंवा घोड्याच्या पाठीवरून जातं, तिथे हे तीन किलोमीटर किती जणांच्या मानेवरचा भार हलका करतात ते फलाटावर उभं राहिलं की कळतं.

काही जण म्हणत, तीन किलोमीटरची कसली रेल्वे, बागेतली गाडीच ती. मला ते पटत नाही. या तीन किलोमीटरनीच अठरा किलोमीटर वाचवले असं मी मानतो. वर गाडी चालू होती म्हणून स्टेशन उघडं होतं, तिकीट फाटत होतं, चालक घाटाचे चालक राहिले आणि नेरळपर्यंतची गाडी कधी, हा प्रश्न रोज कुणीतरी विचारत राहिलं. जिथे एकही तुकडा धावत नाही तिथे काय होतं ते बघायचं तर विदर्भात जा. मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरला जाणारी शकुंतला रेल्वे थांबली आणि तिच्यासाठी लोकांना आंदोलनं करावी लागली. थांबलेल्या रेल्वेला पुन्हा हलवणं दरड उपसण्यापेक्षा अवघड असतं.

क्षणभर फार लांब चला, वेल्समध्ये, १९६५ सालात. फेस्टिनियॉग रेल्वे, रुंदी जवळजवळ हीच, दोन फुटांना अर्धा इंच कमी. जलविद्युत प्रकल्पाच्या पाण्याखाली तिच्या जुन्या मार्गाचा एक भाग गेला आहे. खालचा भाग स्वयंसेवकांनी १९५५ पासून तुकड्या-तुकड्यानं चालू ठेवला आहे आणि आता ते पाण्याला वळसा घालणारा नवा मार्ग बऱ्याच अंशी हातानं खणताहेत, चढ मिळवायला रूळ स्वतःवरूनच फिरवून नेताहेत. १९७८ मध्ये वळसा पुरा होतो, १९८२ मध्ये गाडी ब्लेनाऊ फेस्टिनियॉगला पोचते. तिथेही धावणाऱ्या तुकड्यानंच पुढच्या तुकड्याला ओढून आणलं.

परत घाटात या, २०२२ मध्ये. जाळीच्या पेट्यांत दगड भरून उताराला भिंती घातल्या आहेत. या भिंतीतून पाणी झिरपून जातं, मागे साचून भिंत ढकलत नाही. मोऱ्या मोकळ्या केल्या आहेत, कड्याच्या बाजूला अडसर बसवले आहेत. ट्रॅकमन पहारीनं रूळ सरकवतात, पातळी बघतात, पुन्हा सरकवतात. यंत्र जिथे पोचतच नाही तिथे खडीची पाटी हातोहात जाते. शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच्या त्या कुदळीवाल्यांचं नाव कुठल्या पाटीवर नाही आणि यांचंही येणार नाही, याचं मला वाईट वाटतं. पीरभॉय यांच्या शेजारी त्यांनाही जागा हवी होती.

२२ ऑक्टोबर २०२२, दिवाळी दोन दिवसांवर. तुम्ही नेरळला तिकीट काढून बसता. हर्डलची टेकडी, जुम्मापट्टी, वॉटर पाइप. सगळा डबा बाहेर डोकावतो आहे. अमन लॉज येतं. फलाटावर शटलची माणसं उभी आहेत, आणि तुम्हाला उतरावं लागत नाही. गाडी तशीच पुढे निघते.

जूनच्या मध्यावर नेरळ ते अमन लॉज पुन्हा बंद होईल, दर वर्षी होतं तसं, आणि वरची शटल पावसातही धावत राहील. ऑक्टोबरात ट्रॅकमन खालून वर चालत निघतील, मोरी मोरी तपासत. ते हो म्हणेपर्यंत नेरळच्या खिडकीवर माथेरानचं तिकीट मिळणार नाही. तेव्हा मसोलीहून निघण्याआधी चौकशी करून घ्या.