उंडी आणि उंडेल

साष्टीच्या वायव्य टोकावरील उत्तन, चौक व डोंगरी ही गावे २००२ साली स्थापन झालेल्या मीरा-भाईंदर महानगरपालिकेत मोडतात. कोकणच्या ज्या किनाऱ्यावर उंडीचा वृक्ष वाढतो, त्याचेच हे उत्तरेकडील अंग होय. पांढऱ्या सुगंधी फुलांचा हा वृक्ष म्हणजे संस्कृतातील पुन्नाग. तमिळ ‘पुन्नै’ व कन्नड ‘होन्ने’ पाहता हे संस्कृत नाव द्राविडी भाषांतून आले असावे. मराठी नाव मात्र निराळे आहे. वाटोळ्या फळावरून त्याचा ‘उंडा’ या शब्दाशी संबंध असावा, असा तर्क करता येतो.

उंडीचे लाकूड होड्यांच्या कामी येई. बियांच्या गराचे तेल दिव्यात जाळीत, होडीच्या फळ्यांना चोपडीत आणि संधिवातावर चोळीत. या तेलाचे नाव ‘उंडेल’. एरंडेल, करंजेल, खोबरेल यांतील ‘-एल’ म्हणजे संस्कृत ‘तैल’, प्राकृत ‘तेल्ल’. समासात दोन स्वरांमधील तकार लोपला, हे प्राकृताचे लक्षण होय. तथापि तेवढ्यावरून उंडेल हा शब्द प्राकृतकालीन ठरत नाही. रूढ झालेला प्रत्यय पुढे सादृश्याने नव्या शब्दांसही लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आलेल्या खनिज तेलाने उंडीचा दिवा मालवला. इंग्रजी ‘रॉक ऑइल’चे मराठीत ‘रॉकेल’ झाले. ज्याने उंडेलास घराबाहेर काढले, ते परके तेलही अखेर त्याच्याच पंक्तीस बसले. वस्तूचा व्यवहार संपला, तरी शब्दाचा साचा असा टिकून राहतो.