खाडीकाठची झाडं कुणाची?

नववीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "खाडीकाठी उगवणारी झाडं कुणाची?" एक मुलगा म्हणाला, "सरकारची." दुसरा म्हणाला, "कुणाचीच नाहीत." मागच्या बाकावरची दालदी मोहल्ल्यातली मुलगी हळूच म्हणाली, "सर, आमची अम्मी तिथूनच कालवं आणते." कोकणातल्या कांदळवनाचा इतिहास या तीन उत्तरांत सामावला आहे.

"कुणाचीच नाहीत" हे उत्तर सर्वांत जुनं. खाडीच्या चिखलात माती-दगडाचा बांध घालायचा, ओहोटीला उघाडीतून पावसाचं पाणी सोडायचं, भरतीला ती बंद करायची आणि आत खाऱ्या जमिनीत तग धरणारं भात लावायचं, ही खाजणशेती. कुलाब्यात तिच्यासाठी शिलोत्री पद्धत होती. बांधावर राबणारी कुळं गरीब असत आणि अनेक ठिकाणी जमिनीचा मालक खोत असे. या खोतांमध्ये कोकणी मुसलमानही होते, हे आपण मोकळेपणाने मान्य केलं पाहिजे. खोती 1949 च्या कायद्याने गेली, त्याआधी 1948 मध्ये खारजमिनींचाही कायदा झाला. पण नजर तीच राहिली. शेताखाली आलेली जमीन तेवढी कामाची, कांदळ आणि तिवर म्हणजे पडीक दलदल. मुंबईत तर या दलदलीवर भराव टाकून वस्त्याच्या वस्त्या उभ्या राहिल्या.

या सगळ्यात दालदी कुठे होते? 1880 च्या रत्नागिरी गॅझेटियरमध्ये त्यांची नोंद मुसलमान मच्छीमार अशी आहे. होडी आणि जाळं हीच त्यांची मिळकत. पावसाळ्यात समुद्र बंद झाला की घर खाडीवर चाले. कोळंबी, बोय, जिताड्याची पिल्लं कांदळाच्या मुळांच्या आडोशाला वाढतात. म्हणजे ज्याला पडीक म्हटलं गेलं, तीच या लोकांची न नांगरलेली शेती होती. तिचा सातबारा मात्र त्यांच्या नावावर कधीच नव्हता.

"सरकारची" हे उत्तर अलीकडचं. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवन तोडायला आणि त्याभोवतीच्या 50 मीटर पट्ट्यात बांधकामाला मनाई केली. 2012 मध्ये राज्याने स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन केला. 2018 च्या निकालात न्यायालयाने कांदळवनाचा नाश म्हणजे कलम 21 चा, जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. हे सगळं गरजेचंच होतं. पण चुलीसाठी दोन फांद्या तोडणारी बाई आणि रात्री डंपरने भराव टाकणारा, बंदी दोघांनाही सारखीच. डंपरवाल्याला वकील मिळतो, बाईला मिळत नाही.

तिसऱ्या उत्तराची दखल 2017 मध्ये घेतली गेली. त्या वर्षी कांदळवन संरक्षण व उपजीविका निर्माण योजना आली. गावात सह-व्यवस्थापन समिती होते, बचत गट तयार होतात आणि खेकडापालन, कालवांची शेती, पिंजऱ्यातलं मत्स्यपालन, निसर्ग पर्यटन यांना मदत मिळते. गटाच्या प्रकल्पात मोठा वाटा सरकारचा असतो. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटातल्या महिला स्वतः होडी वल्हवत पर्यटकांना कांदळवन दाखवतात. जी झाडं काल अडचण वाटत होती, ती टिकली तरच आज त्यांची रोजी टिकते. एक पथ्य मात्र पाळावं लागतं : खेकड्याचं बीज उबवणी केंद्रातून आणायचं. ते आपल्याच खाडीतून उपसलं, तर खाडी रिकामी होते.

आता आपल्यापुरता प्रश्न. ही योजना समितीच्या सभेतून आणि मराठी अर्जातून पुढे जाते. आपल्या मोहल्ल्यातल्या कित्येक बायका उर्दू चौथी शिकल्या, काही तेवढंही नाही. सभेला त्या जात नाहीत, त्यांना कुणी बोलावतही नाही. मग यादीत त्यांचं नाव येणार कसं? जी खाडी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या राखली, तिच्या योजनेत त्याच परक्या ठरतात. दोष केवळ सरकारला देऊन भागणार नाही. शिकलेल्या पोरांनी अम्मीसोबत सभेला जावं, अर्ज वाचून दाखवावा, सही कशावर होते आहे ते समजावून सांगावं.

मराठीच्या अभ्यासक्रमात अर्जलेखन आहेच. यंदा मी वर्गाला रजेचा अर्ज दिला नाही, गटनोंदणीचा दिला. मागच्या बाकावरच्या त्या मुलीने अर्जदाराच्या जागी आपल्या अम्मीचं पूर्ण नाव लिहिलं. शुद्धलेखनाच्या दोन चुका होत्या. त्या दुरुस्त केल्या आणि म्हटलं, "हा वहीत ठेवू नकोस, सभेला घेऊन जा."