कोयनेच्या भूकंपाचा पत्ता

आमच्याकडे माणसांची वयं 'भूकंपाच्या आधीचा' आणि 'भूकंपानंतरचा' अशी सांगत. मी नंतरचा. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर कोसळलं, पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. दख्खनचा कातळ तोवर स्थिर समजला जाई. पण शिवसागरात १९६२ पासून पाणी साठत होतं आणि लहान धक्केही जाणवत होते. त्यामुळे भूकंप नेमका कुठे झाला, या प्रश्नाच्या उत्तरात धरणावरचा आरोप दडलेला होता.

हे उत्तर कसं काढतात, ते मी पुस्तकं वाचून आणि कंपासपेटी घेऊन शिकलो. धक्क्यातून निघालेली पहिली लहर खडकातून सेकंदाला साधारण सहा किलोमीटर धावते, दुसरी साडेतीन. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आपण आकडे मोजतो, तसंच हे. दोन लहरींमधल्या सेकंदांना सुमारे आठने गुणायचं: दहा सेकंदांचं अंतर म्हणजे ऐंशी किलोमीटर. मला यातली सर्वांत मोठी गंमत वाटते ती ही, की केंद्रावरचं घड्याळ मागेपुढे असलं तरी हा फरक चुकत नाही. मात्र त्यातून दिशा कळत नाही. म्हणून तीन केंद्रांभोवती तीन वर्तुळं काढायची. माझ्या कागदावर ती एका बिंदूत कधीच मिळाली नाहीत. मधे एक चिंचोळा त्रिकोण उरायचाच. खोली ठरवणं त्याहून अवघड. त्यासाठी यंत्र अगदी जवळ लागतं.

आकड्याचंही तसंच. रिश्टरने १९३५ मध्ये मोजपट्टी बनवली ती कॅलिफोर्नियासाठी: ठरावीक यंत्र शंभर किलोमीटरवर एक मिलिमीटर हललं, तर भूकंप ३ चा. कोयनेचा भूकंप आज बहुधा ६.३ चा धरतात. जुन्या लिखाणात ६.५ आणि ७ सुद्धा सापडतात. ऐकायला फरक किरकोळ, पण ६.३ आणि ७ यांच्यात ऊर्जेचा फरक सुमारे अकरा पट. आता तुटलेल्या भेगेचं क्षेत्रफळ, सरकलेलं अंतर आणि खडकाचा ताठरपणा यांवरून हिशेब करतात.

आरोपाला बळ दिलं ते पुढच्या धक्क्यांनी. ५ हून मोठे वीसपेक्षा अधिक धक्के त्यानंतर झाले, आणि त्यांची वर्तुळं सुमारे २० बाय ३० किलोमीटरच्या त्याच पट्ट्यात येऊन मिळाली, धरणाच्या दक्षिणेला.