अल्हंब्राचं पाणी

गड पाहायला गेलो की आपण बुरूज पाहतो, दरवाजा पाहतो, तोफेपाशी फोटो काढतो. पण चढून घसा कोरडा पडला की आपल्या मनात पहिला प्रश्न येतो तो पाण्याचा. एवढ्या उंचावर पाणी यायचं कुठून? आज हाच प्रश्न आपण युरोपच्या दक्षिणेला, स्पेन देशातल्या एका किल्ल्याला विचारू या.

शहराचं नाव ग्रानादा, किल्ल्याचं अल्हंब्रा. अरबी भाषेत याचा अर्थ लाल. इ.स. ७११ मध्ये उत्तर आफ्रिकेतून मुसलमान सैन्य स्पेनमध्ये उतरलं. तिकडे या लोकांना मूर म्हणतात. पुढे त्यांची राज्यं एकेक करून गेली, ग्रानादाचं तेवढं शेवटपर्यंत टिकलं. तिथल्या मुहंमद इब्न अल-अहमर या राजाने १२३८ साली टेकडीवर किल्ल्याचं काम सुरू केलं.

आज जगभरातून लोक तिकीट काढून तो पाहायला येतात. आतमध्ये सिंहांचा चौक आहे. तिथे १२ संगमरवरी सिंहांच्या तोंडातून पाणी पडतं. बांधलं तेव्हा ना वीज होती, ना पंप. नदी तर खाली दरीत! मग त्या लोकांनी केलं काय, तर नदीच्या वरच्या अंगाला, किल्ल्यापेक्षा उंच जागी पाणी वळवलं आणि डोंगराच्या कडेने सुमारे ६ किलोमीटर पाट आणला. उताराने पाणी आपल्या पायांनी किल्ल्यात आलं. स्पॅनिश लोक पाटाला 'असेकिया' म्हणतात. हा शब्दही मूळचा अरबीच.

२ जानेवारी १४९२ रोजी ग्रानादा ख्रिस्ती राजाराणीच्या हाती गेलं. पुढच्या शतकात मूरांच्या वंशजांना तिथून हाकलून दिलं. घरं गेली, शेतं गेली. पाट मात्र नव्या लोकांनीही वापरले. तहान कुणाचा धर्म विचारत नाही.

असेच पाट जवळच्या सिएरा नेवादा डोंगरातही आहेत. उन्हाळ्याच्या तोंडावर बर्फ वितळतं. ते पाणी पाटाने नेऊन मुरमाड जागी सोडतात. ते डोंगरात मुरतं आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी खालच्या झऱ्यांना फुटतं. आपण म्हणतो ना, पाणी अडवा, पाणी जिरवा, तेच हे!

पण तरुण मंडळी शहरात गेली, गाळ काढायला माणूस उरला नाही आणि कितीतरी पाट बुजले. २०१४ साली कान्यार नावाच्या गावात ग्रानादा विद्यापीठाची माणसं, गावकरी आणि स्वयंसेवक कुदळ-फावडी घेऊन उतरले. कित्येक वर्षं कोरडा पडलेला पाट त्यांनी साफ केला. त्यात पुन्हा पाणी खेळू लागलं.

मैत्रिणींनो, किल्ला बांधणाऱ्या राजाचं नाव पुस्तकात राहिलं. पाट खणणाऱ्यांचं आणि वर्षानुवर्षं त्यातला गाळ उपसणाऱ्यांचं राहिलं नाही. तरी आज सिंहांच्या तोंडून जे वाहतं, ते त्यांचंच काम आहे. डोक्यावर हंडा घेऊन चाललेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

आपल्या गावातली जुनी विहीर, बारव, पाट कुणी बांधला, त्याचा गाळ शेवटचा कधी काढला, हे बचत गटाच्या पुढच्या बैठकीत म्हाताऱ्या आजींना विचारू या. त्या आहेत तोवरच विचारू या.